सामुद्रधुनीतला सांधा

फोन आभाळातून येतो असं बहुतेकांना वाटतं. माझ्या मावशीला कुणी तिचं काम विचारलं की ती सांगायची, समुद्राच्या तळाशी तारा असतात, त्या तुटल्या की मी जोडते. समोरचा माणूस हसून मान डोलवायचा. बाईंना गंमत करायची सवय दिसते, असा त्याचा चेहरा व्हायचा. मावशीला कुणाला काही पटवून द्यायची हौस नव्हती. ती पुढे बोलत नसे.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. ठेंगणी, आवाजाने घोगरी, चष्मा कायम कपाळावर सरकवलेला आणि कायम हरवलेला. तिच्या हातांत बघण्यासारखं काही नव्हतं. बोटं आखूड, नखं पार मुळापर्यंत कापलेली. शाळा संपल्यावर ती एका लाँड्रीत रफूला बसली. लोकांचे फाटलेले कोट आणि शाली ती अशा सांधायची की मालकालाच भोक कुठे होतं ते सापडायचं नाही. पुढे टेलिफोन खात्याला जोडारी हवे होते, म्हणून ती तिथे गेली. रस्त्याखालच्या चेंबरमध्ये उतरायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि शेकडो रंगीत तारांतून आपली नेमकी तार शोधून जोडायची. वरून माणसं, गाड्या जायच्या. तिला म्हणे त्या अंधाऱ्या खड्ड्यात फार बरं वाटायचं, कारण तिथे कुणी घाई करायला येत नसे.

तांब्याच्या तारा गेल्या, काचेच्या आल्या. माणसाच्या केसाएवढी काच, आणि तिच्यातून प्रकाश धावतो. त्या प्रकाशात लोकांचं बोलणं, बँकांचे व्यवहार, दवाखान्याचे फोटो, सगळं असतं. हे मला तिने अनेकदा सांगितलंय आणि मला ते अजून पुरतं खरं वाटत नाही. तिलाही वाटत नसावं, कारण दर वेळी सांगताना तिचा आवाज जरा खाली यायचा.

समुद्रातल्या तारा दुरुस्त करणाऱ्या जहाजावर जागा निघाली तेव्हा तिने अर्ज केला. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "पोहता येतं का?"

"नाही."

साहेब अडखळले. मग हिनेच विचारलं, "जिथे जायचं तिथे पाणी किती खोल असतं?" त्यांनी सांगितलं. ही म्हणाली, "मग पोहून तरी मी कुठे जाणार?"

नोकरी लागली. पहिल्या फेरीत तिला बोट इतकी लागली की आतडी बाहेर पडतात की काय असं झालं. जहाजावरच्या लोकांनी पैज लावली होती की ही पुढच्याच बंदरात उतरून घरी जाणार. ती उतरली, औषधाच्या दुकानात गेली, गोळ्यांची पिशवीभर पाकिटं घेतली आणि परत वर चढली. त्या दिवसापासून जहाजावर कुणी तिच्यावर पैज लावली नाही.

आता आमच्या बेटाबद्दल सांगायला हवं, कारण जे घडलं ते आमच्या पाण्यात घडलं. बेट आणि मुख्य भूमी यांच्या मध्ये सामुद्रधुनी आहे, आणि तिच्या एका तोंडाला शेजारच्या देशाचा किनारा. मधोमध काही खडक आहेत. ओहोटीला दिसतात, भरतीला बुडतात. त्यांच्यावर गवताची काडी उगवत नाही, पण दोन्ही देशांच्या नकाशांत ते आपापल्या रंगात रंगवलेले आहेत. ज्याचे खडक त्याचा भोवतालचा समुद्र, आणि ज्याचा समुद्र त्याच्या हातात त्या वाटेने जाणाऱ्या तेलाच्या जहाजांची नाडी. एवढं साधं आहे ते. मी जेट्टीवर फेरीबोटीच्या तिकीट खिडकीवर कामाला होते. त्या खिडकीतून मी वर्षानुवर्षं बघत आले. त्यांनी गस्तीची बोट आणली की आपण जरा मोठी आणायची, आपण मोठी आणली की त्यांनी युद्धनौका आणायची. आमच्या टेकडीवर रडार बसलं. मासेमारीच्या होड्या खडकांपासून लांब राहू लागल्या. दोन्ही बाजूंनी अजून कुणी गोळी झाडली नव्हती, पण लोक समुद्राकडे बघताना बोलणं थांबवायचे.

एका सकाळी माझं तिकिटाचं मशीन बंद पडलं. मी त्याला थापट्या मारल्या, तारा काढून परत लावल्या. तेवढ्यात शेजारचा चहावाला विचारायला आला, तुमचा फोन चालतोय का? कुणाचाच चालत नव्हता. आई बेटावरच्या दवाखान्यात परिचारिका. तिथे एक्सरे काढला की तो मुख्य भूमीवरच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचा आणि ते काय करायचं ते सांगायचे. ती वाटच बंद झाली. डॉक्टरांनी पेशंटच्या हातात फिल्म देऊन त्यांना फेरीबोटीत बसवायला सुरुवात केली.

पण खरी धास्ती टेकडीची होती. रडार फिरत होतं, त्याला सगळं दिसत होतं, पण दिसलेलं पलीकडे पोहोचवणारी तार तुटली होती. सैन्याकडे उपग्रहाचे फोन होते, पण त्यांतून जाणारी माहिती म्हणजे धरणाचं पाणी घरच्या नळाने सोडण्यासारखं. त्याच दिवशी शेजाऱ्यांची सगळ्यात मोठी युद्धनौका खडकांच्या अलीकडे येऊन उभी राहिली. फेरीबोटीने आलेल्या वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापलं होतं की तार मुद्दाम कापली आहे आणि याचं उत्तर दिलंच पाहिजे. जेट्टीवर लोक ते मोठ्याने वाचून दाखवत होते. उत्तर म्हणजे काय, हे आम्हा बेटावरच्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

मावशीचं जहाज निघाल्याचं आम्हाला टेकडीवरच्या सैनिकांच्या उपग्रह फोनवरून कळलं. पुढचं मी तिच्याकडून ऐकलं, थोडं तिच्या कामातल्या जोडीदाराकडून आणि काही कप्तानाकडून. जोडीदाराला जहाजावर सगळे मास्तर म्हणत, कारण तो कुणालाही काहीही समजावून सांगायला लागायचा, अगदी आचाऱ्याला भात कसा शिजतो तेसुद्धा. कप्तान त्याच्या अगदी उलट. बोलला तर स्वतःच्या मिशीशीच बोलतोय असं वाटावं.

तार तुटली होती ती नेमकी खडकांजवळ. तिथे तळ वर येतो. जहाजावरून लोखंडी आकडा खाली सोडतात आणि तो तळावरून ओढत नेतात, तार अडकेपर्यंत. करडी युद्धनौका बघत होती. पहिल्याच दिवशी रेडिओवर तिचा आवाज आला, पुरुषाचा, शांत आणि सभ्य. "तुम्ही आमच्या पाण्यात आहात. काम थांबवून निघून जा." कप्तानाने तितक्याच सभ्यपणे सांगितलं की आम्ही आमच्या पाण्यात आहोत आणि तार दुरुस्त करतो आहोत. दर काही वेळाने हेच बोलणं पुन्हा व्हायचं, शब्दाचाही फरक न होता. आपली गस्तीची नौका मध्ये येऊन उभी होती. शेजाऱ्यांच्या नौकेपुढे ती लहान मुलीसारखी दिसत होती, असं मास्तर म्हणाला.

तारेचं टोक वर आलं तेव्हा सगळे डेकवर जमले. तारेला तळाचा चिखल लागलेला होता, करडा आणि थंड. मावशीने हातमोजा काढून त्याला बोट लावलं. ज्या चिखलावर ऊन कधी पडलं नव्हतं त्याला हात लावताना तिला दर वेळी कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं व्हायचं. जहाजावर नौदलाचा एक अधिकारी पाठवलेला होता. त्याने विचारलं, "कापलीय ना?"

मावशीने टोक वळवून वळवून बघितलं. वरच्या पोलादी तारा एका अंगाने चपट्या झाल्या होत्या, खरवडल्या होत्या, आणि मग ताणून तुटल्या होत्या.

"कापलेली नाही," ती म्हणाली. "जड काहीतरी हिच्यावरून ओढलं गेलंय. नांगर असेल."

"मुद्दाम?"

"ते तारेवर दिसत नाही, साहेब."

वर राजधानीत या एका शब्दाची वाट बघणारी किती माणसं होती हे अधिकाऱ्याला ठाऊक होतं, आणि तिलाही अंदाज होता. मग त्याने तिचं म्हणणं जसंच्या तसं वर कळवलं. मावशी त्याचं नाव नेहमी आदराने काढते. त्याने आपलं एक अक्षर त्यात घातलं नाही, म्हणते.

पहिला सांधा नीट झाला. तुटलेल्या भागाच्या जागी नवी तार जोडली आणि जहाज ती सोडत दुसऱ्या टोकाकडे गेलं. मग शेवटचा सांधा. हा सगळ्यात अवघड, कारण या वेळी दोन्हीकडची तार जहाजाच्या नाकावरून आत आलेली असते. जहाज म्हणजे दोन्हीकडून तळाला बांधलेलं जनावर. पुढे जाता येत नाही, मागे जाता येत नाही, वळताही येत नाही. आणि सांध्याला जवळजवळ सबंध दिवस लागतो.

जोडायची खोली जहाजाच्या पोटात. पांढऱ्या भिंती, प्रखर दिवा, एक टेबल, आणि धुळीचा कण आत येऊ नये म्हणून कायम बंद दार. दोन टोकं टेबलावर समोरासमोर आणून घट्ट बसवायची. पोलाद सोलायचं, तांबं सोलायचं, आतला चिकट मलम पुसायचा आणि मग त्या रंगीत काचा उघड्या पडतात. एकेक काच धरायची, साफ करायची, टोक अगदी सरळ छाटायचं. मग एक यंत्र ठिणगी पाडून दोन टोकं वितळवून एक करतं. पण यंत्रापर्यंत ती काच माणसाच्या हातानेच जाते. श्वास चुकला तरी तुटते.

सकाळी काम सुरू झालं तेव्हा समुद्र बरा होता. दुपारकडे वारा उठला. आणि त्याच सुमाराला युद्धनौका हलली. आमच्या बेटावरच्या कुठल्याही इमारतीपेक्षा उंच, गावच्या बाजाराएवढी लांब अशी ती मावशीच्या जहाजाच्या बाजूने वेगाने निघून गेली, वळली आणि परत आली. तिच्या मागून उठलेली लाट जहाजाला लागली. खोलीत टेबलावरचा ट्रे सरकला आणि झालेल्या जोडांपैकी दोन तुटले. मास्तरच्या तोंडून एक सणसणीत शिवी गेली. मावशीने तुटलेल्या काचा चिमट्याने उचलून बाजूला ठेवल्या आणि नव्याने सोलायला घेतलं.

दाराबाहेर कप्तान येऊन उभा राहिला. आत यायचं नसतं म्हणून तो उंबऱ्यावरूनच बोलला. ती नौका परत फिरतेय, आणखी दोन-चार लाटा अशा लागल्या तर डेकवरची तार ताणून तुटेल आणि कुणाचा तरी हातपाय घेऊन जाईल. तार आपणच तोडून टाकून निघायचं का, हे विचारायला तो आला होता. जहाजावर शब्द त्याचाच होता. न विचारता हुकूम दिला असता तरी चाललं असतं.

मावशीने टेबलावरून मान वर न करता विचारलं, "आज गेलो तर परत इथे येऊ देतील का आपल्याला?"

"नाही," कप्तान म्हणाला. "आपण हललो की ते या जागेवर येऊन बसतील."

"मग मी करते. डेकवरची माणसं तेवढी मागे घ्या."

कप्तान वर गेला. माणसं मागे घेतली. मग त्याने रेडिओ उचलला, आणि आयुष्यात कधी बोलला नव्हता इतकं एका दमात बोलला. अधिकारी शेजारी उभा होता, त्याने ते नंतर मावशीला सांगितलं.

"पाणी तुमचं की आमचं ते आपण दोघं ठरवणार नाही," कप्तान म्हणाला. "माझं जहाज दोन्हीकडून तारेला बांधलेलं आहे. मला हलता येत नाही, हे तुम्ही खलाशी आहात म्हणून तुम्हाला कळतं. खाली एक बाई केसाएवढ्या काचा जोडतेय. तुमची लाट आली की त्या तुटतात, आणि ती परत पहिल्यापासून सुरू करते. ती थांबणार नाही. पलीकडच्या बेटावर दवाखाना आहे. एवढंच सांगायचं होतं."

पलीकडून उत्तर आलं नाही. युद्धनौका वळली. या वेळी ती वेगात नव्हती. हळूहळू वाऱ्याच्या अंगाने येत येत ती इतकी जवळ आली की तिच्या पोलादावरच्या गंजाच्या रेघा दिसू लागल्या. आपल्या गस्तीनौकेवर तोफेचं तोंड फिरलं. आणि तिथे, जहाजाला आडवी, ती युद्धनौका थांबली. पुढे आली नाही, मागे गेली नाही. तशीच उभी राहिली.

खाली खोलीत मावशीला वेगळंच काही जाणवलं. खोली हलायची थांबली होती. इतकी वर्षं समुद्रावर काढून तिला पायाखाली ते स्थिरपण कधी मिळालं नव्हतं. आपलं जहाज खडकावर चढलं असं तिला वाटलं. तिने मास्तरला वर बघायला पाठवलं. तो गेला, परत आला, स्टुलावर बसला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मास्तरचं असं झालेलं तिने पहिल्यांदा पाहिलं.

"काय झालं?"

"वाऱ्याच्या अंगाला ते उभे आहेत," तो म्हणाला. "लाटा त्यांना लागतायत. आपल्यापर्यंत येतच नाहीत."

मावशीच्या अंगावर काटा आला. तो तिने जाऊ दिला, कारण काटा आलेल्या हाताने काच धरता येत नाही. मग म्हणाली, "पुढची दे."

संध्याकाळपर्यंत ती भिंत तिथे उभी होती. थोड्या वेळाने आपली गस्तीनौकाही दुसऱ्या अंगाला येऊन थांबली, तोफ खाली करून. दोघींच्या मध्ये मावशीचं जहाज, आणि जहाजाच्या पोटात तलावासारखं शांत टेबल. एकेक काच जुळत गेली. मुख्य भूमीवरच्या केंद्रातून सोडलेला प्रकाश बेटावर पोहोचला, बेटावरून परत आला. सांध्यावर आवरण चढलं, त्याचा एक्सरे काढला गेला. हो, तारेचाही एक्सरे काढतात.

तार पाण्यात सोडायच्या वेळी मावशी वर आली. तोवर तिने ती नौका डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. मान मागे टाकून बघावं लागत होतं. तिच्या कठड्याला ओळीने माणसं उभी होती, कुणाच्या हातात कप होता. कुणी हात हलवला नाही. कुणी काही ओरडलं नाही. मावशीला त्या उंचीची भीती वाटली, आणि ज्याने कुणी ती नौका तिथे थांबवली होती त्याच्याबद्दल जे वाटलं त्याला तिच्याकडे शब्द नव्हता. दोर कापले, सांधा पाण्याखाली गेला, काही बुडबुडे आले. तेव्हा कुठे युद्धनौकेची इंजिनं घरघरली आणि ती खडकांपाशी आपल्या जागेवर परत गेली. रेडिओवर तोच आवाज आला. "तुम्ही आमच्या पाण्यात आहात. निघून जा."

"काम झालं," कप्तान म्हणाला. "निघतो."

बेटावर माझं मशीन किणकिणलं. पाठोपाठ सगळ्या जेट्टीभर लोकांच्या खिशांतले फोन वाजायला लागले, साचून राहिलेले निरोप एकदम येत होते. लोक फोन हातात धरून नुसते उभे होते. आई दवाखान्यातून धावत आली नाही, कारण तिच्यापुढे पाठवायच्या एक्सरेंचा ढीग होता. तिने दुसऱ्या दिवशी मावशीला फोन केला. दोघी कशावरून तरी भांडल्या, मला वाटतं गोळ्या वेळेवर घेण्यावरून.

पुढे चौकशी झाली. कुठल्या जहाजाचा नांगर होता ते कळलं नाही. अधिकाऱ्याने कळवलेले मावशीचे शब्द राजधानीत वाचले गेले, आणि काही दिवसांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं लहान झाली. खडकांचा निकाल अजून लागलेला नाही. दोन्हीकडच्या नौका वाढतच आहेत. आपण बेटाला दुसऱ्या बाजूने आणखी एक तार टाकली. मात्र तारा दुरुस्त करणारं जहाज कुणाचंही असो, त्याच्या जवळून वेगाने जायचं नाही, असं दोन्ही नौदलांनी कुठेही न लिहिता पाळायला सुरुवात केली आहे. जेट्टीवरून आम्हाला ते दिसतं.

काही वर्षांनी मावशीचा उजवा हात किंचित थरथरू लागला. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिने स्वतःच कप्तानाला जाऊन सांगितलं आणि टेबल सोडलं. आता ती आमच्याकडे राहते. मी तिला विचारलं होतं, ते मुद्दाम थांबले असतील का? ती म्हणाली, नजर ठेवायला ती जागा सोयीची असेल, किंवा तोफ रोखायला. किंवा मुद्दामही असेल. तिने त्या माणसाचा चेहरा कधी पाहिला नाही.

परवा दुपारी मावशी आणि मी जेट्टीवर होतो तेव्हा शेजाऱ्यांची ती युद्धनौका सामुद्रधुनीतून जाताना दिसली. आई कामावरून येत होती, ती आमच्याजवळ थांबली.

"हीच का गं ती?"

"हीच."

त्या दोघी बहिणी कठड्याला टेकून ते एवढं थोरलं पोलाद खडकांच्या पलीकडे जाईपर्यंत बघत राहिल्या.